एकीकडची झीज

शालिमारच्या कोपऱ्यावर निवृत्ती अहिरे
माझा डावा बूट उलटा करतो,
अंगठ्याने टाच दाबून बघतो.
"एकच कड खाल्लीय," म्हणतो,
"कुठल्या घाण्याला जुंपली होती तुला?"
मी हसते. मग हसत नाही.

चार महिने छताखाली होते,
पूर्वेकडच्या एका शहरात.
ट्रॅक निळा, हवा गार, घशाला कोरड,
दोनशे मीटरची फेरी,
वळणं परातीच्या काठासारखी उचललेली.
तीन हजार मीटर म्हणजे पंधरा फेऱ्या,
पंधरा फेऱ्या म्हणजे तीस वळणं,
तीसच्या तीस डावीकडे.
खडा नाही, कुत्रं नाही, चिखल नाही.
पुढे काय आहे, हे पावलाने
कधी विचारलंच नाही.
वाटलं, इथे काय लागणार मला?

हरसूलकडच्या पोरीला जखमा ठाऊक असतात.
गुडघ्यावरचा हा पांढरा डाग
वाघेऱ्याच्या घाटातल्या मुरमाचा.
घोटा सुजला तो खाचराच्या बांधावर,
खेकड्याच्या बिळात पाय गेला तेव्हा.
पोटरीवर दोन दात, अंबोलीच्या कुत्र्याचे;
आईने चौदा सुयांची धास्ती घेतली,
निघाल्या पाच.
आणि पंचवटीच्या मैदानावर, मे महिन्यात,
शेवटच्या शंभरात मांडीमागे
कुणी दावं तोडल्यासारखं झालं.
सगळं जग पाहत होतं, म्हणजे
सहा मुली आणि एक चहावाला.
प्रत्येक जखमेला गाव होतं, वार होता,
शिवी द्यायला कुणीतरी होतं.

ही मात्र बिनगावाची.
नडगीच्या आतल्या अंगाला, चार बोटं लांब.
आधी धावून झाल्यावर दुखायची,
मग धावताना,
मग जिना उतरताना,
मग रात्री नुसतं पांघरूण टेकलं तरी.
एक्स-रे स्वच्छ.
खैरनार सर म्हणाले, "दिसत नाही तर दुखतं कुठून?
मनातून काढ."
मी मनातून काढली.
ती हाडात राहिली.

गंगापूर रोडला शेवडे डॉक्टरांनी
एमआरआय दिव्यासमोर धरला.
केसाएवढी रेघ.
मी बोटाने पुसून पाहिली, खरंच,
वाटलं माझाच केस पडलाय.
"बाहेर धावले असते तर वाचले असते का?"
"बाहेर दुसरं काहीतरी मोडलं असतं," त्या म्हणाल्या,
"जमीन कुठलीही असो, पैसे घेतेच.
उघड्यावरची रोख मागते,
छताखालची वहीत लिहून ठेवते."
हे त्या प्रत्येकाला सांगत असणार.
तरी मी घरी जाऊन
तीस गुणिले रोजच्या फेऱ्या गुणिले चार महिने
असा हिशोब मांडला, आणि मध्येच सोडला.

आठ आठवडे तरण तलावात धावले,
कमरेला पट्टा, पायाखाली काहीच नाही.
शेजारच्या पट्टीत पोहणारी मुलं
मला बुडताना वाचवायला दोनदा आली.

आता पहाटे साडेपाचला
मी मैदानाच्या गवताच्या कडेने धावते, उलट दिशेने.
दिंडोरीकडून आलेल्या वाऱ्यात बागेतल्या गंधकाचा वास.
पहिल्या लेनमध्ये तिघे आजोबा रांगेने आडवे,
हातात काठ्या, विषय पेन्शन.
"ए पोरी, उलटी धावतेस!"
"हो."
एवढंच. सगळं सांगायला दम पुरत नाही.
अजून आठ मिनिटं धाव, दोन मिनिटं चाल.
मधमाशीएवढं काहीतरी नडगीत उठतं,
मी थांबते, ते बसतं,
की मीच बसवते, कळत नाही.

अहिरे बुटात आतून चामड्याची चकती लावतो,
दातांनी दोरा तोडतो.
"चाळीस. आणि आता दुसरी कड झिजव."
बूट घालून मी निघते.
मला सीबीएसला जायचंय, उजवीकडे.
कोपरा येतो,
आणि अंग आपोआप
डावीकडे कलतं.