मोक्याची जागा

सात खासदार उतरले हेलिकॉप्टरातून,
सगळ्यांचे कोट एका रंगाचे, नवे कोरे,
एकाच्या बाहीला किमतीची चिठ्ठी अजून लटकलेली.
मी दुभाषी. तासावर पैसे मिळतात,
धुकं आलं तर मुक्कामाचे वेगळे.

शाळेच्या व्यायामशाळेत खुर्च्या मांडल्या होत्या.
भिंतीवर नकाशा, त्यांनीच आणलेला,
ध्रुव मधोमध ठेवून काढलेला,
म्हणजे आमचं गाव पहिल्यांदाच कडेला नव्हतं.
आर्नान्ग्वाकने त्यात आपलं घर शोधून पाहिलं.
तिथे नेमकी घडी आली होती.

अध्यक्षबाई म्हणाल्या,
या भूमीचं सामरिक महत्त्व
आमच्या सभागृहाला आता पुरतं पटलं आहे.
मी तोंड उघडलं
आणि थांबले.
आमच्या बोलीत एका शब्दात अख्खं वाक्य मावतं,
पण कोणाचं, कोणासाठी,
ही शेपटी शब्दाला लावावीच लागते.
मोकळं सोडून देता येत नाही
त्यांच्यासारखं.
शेवटी म्हणाले :
ही मोक्याची जागा आहे, असं म्हणतात.

पहिल्या रांगेत उसार्काक बसला होता,
एक्क्याऐंशी वर्षांचा,
डाव्या हाताची दोन बोटं दोरानं नेलेली.
तो हसला. मोक्याची जागा मला माहीत आहे, म्हणाला.
सीलचं श्वासाचं भोक.
पायाखाली कातडं घालायचं, बर्फ करकरता कामा नये.
तोंड वाऱ्याकडे. खोकला आला तर गिळायचा.
सहा तास, कधी आठ.
सील भोकं दहा राखतो बिचारा,
पण कुठे तरी नाक वर काढावंच लागतं.
विचार गं त्यांना,
यात ते कोण? आम्ही कोण?
शिकारी, की सील?
मग थोडं थांबून,
की नुसतं भोक?

मी सगळं सांगितलं. शेवटचंही.
एकजण हसला, एकाने लिहून घेतलं.
किती सुंदर उपमा, अध्यक्षबाई म्हणाल्या.
काय म्हणते ती?
आवडलं म्हणते.
आवडावं म्हणून नव्हतं विचारलं,
आणि त्याने कॉफीचा कप पुढे केला.

मग त्यांनी विचारलं, बंदर किती खोल,
धावपट्टी किती लांबवता येईल,
डोंगराच्या पोटात काय आहे.
डोंगराच्या पोटात काय आहे, हे मी
तीनदा भाषांतरित केलं,
तिन्ही वेळा गावानं आपल्या बुटांकडे पाहिलं.

चार वाजता धुकं उतरलं.
सातही जण कसरतीच्या गाद्यांवर झोपले,
बास्केटबॉलच्या जाळीखाली.
रात्री दोनला, उन्हातच, त्यातला तरणा बाहेर आला,
दबक्या आवाजात विचारलं, संडास?
मी बादली दाखवली, पिवळी पिशवी कशी बांधायची तेही.
परत आला आणि उभाच राहिला.
समोरच्या टेकडीचं नाव विचारलं.
सांगितलं : जिथून बायका वाट पाहतात.
कोणाची?
हे त्या नावात येत नाही, म्हटलं.
खरं तर येतं.
त्याने वहीत लिहिलं, चुकीचं.
मी दुरुस्त केलं नाही.

सकाळी आभाळ धुतल्यासारखं. गेले.
व्यायामशाळा झाडताना ती चिठ्ठी सापडली,
तेवढ्या पैशांत कुत्र्यांचं अख्ख्या हिवाळ्याचं खाणं आलं असतं.
मी बिल केलं. चौदा तास, अधिक धुकं.

उसार्काक आपल्या घसरगाडीवर बसून
हॅलिबटचे गळ सोडवत होता.
गेले?
गेले.
येतील परत.
भोकाशी उभा राहणारा रिकाम्या हाताने गेला
तर दुसऱ्या दिवशी जास्त गप्प उभा राहतो.
कुत्री झोपलेली होती, शेपट्या नाकावर.
मला काही सुचेना.
त्याने गळांचा गुंता माझ्या मांडीवर टाकला,
म्हणाला, हे सोडव आधी.
आणि बोटं सांभाळ.