पाण्याची रेघ

बुधवारी सुनीतीची नाईट असते.
डबा घेऊन ती दवाखान्यात जाते
आणि घरची उपासना माझ्या अंगावर पडते.

मी लेथवरचा माणूस.
उद्यमनगरात दिवसभर लोखंड सोलतो,
केसाएवढा फरक बोटाला कळतो.
देवाचं माप कुठनं धरायचं
ते मला कुणी शिकवलं नाही.
आमचे वडील समजावत बसत नसत.
जेवणाआधी डोळे मिटायचे,
उघडले तर भाकरी उशिरा मिळायची.
एवढंच आमचं धर्मशिक्षण.

भांडी आवरली. चटई टाकली.
शेरोननं शब्बाथशाळेचं वचन घडाघडा म्हटलं,
श्वास न घेता,
थांब्यांची नावं पुकारणाऱ्या कंडक्टरसारखं.
अनुग्रह चटईच्या काड्या उपसत होता.
म्हटलं, आज तारवाची गोष्ट.
सोपी आहे, प्राणी आहेत.

सांगत गेलो.
म्हाताऱ्यानं लाकूड तासलं, लोक हसले.
हत्ती आले, मुंग्या आल्या.
"म्हशी?"
म्हशी सगळ्यात आधी, मी म्हटलं,
आणि एवढं खोटं कोल्हापुरात चालून जावं.
मग पाऊस. मग दार लागलं.
"कुणी लावलं?"
देवानं.
"बाहेरनं?"
बाहेरनं.

तो भिंतीकडे बघत होता.
आमच्या भिंतीवर, स्विचबोर्डच्या वर चार बोटं,
गेल्या पुराची रेघ आहे, चहाच्या रंगाची.
दोनदा चुना मारला. दोनदा वर आली.
पंचगंगा कुंभार गल्लीत शिरली त्या रात्री
दत्तोबांचे दोनशे गणपती,
ज्यांचे डोळे आखायचे राहिले होते,
फळ्यांवर बसल्या बसल्या विरघळले.
सकाळी दारातलं पाणी शाडूच्या रंगाचं होतं.

"मग दत्तोबामामा?" अनुग्रह म्हणाला.
"दार लागल्यावर मामा आले असते तर?"

शेरोन म्हणाली, गप, गोष्ट आहे ती.
मीही तेच म्हणणार होतो.
पाळकसाहेबांकडे याला उत्तर असणार,
तीन मुद्द्यांचं, शेवटी गीतासकट.
पण तो मला विचारत होता
आणि माझ्या नखांत नुसता लोखंडाचा कीस होता.

"आपल्या बोटीत तर सगळे होते."

होते.
गजराकाकू होत्या, पोटाशी शेळी धरून.
दत्तोबा होते, मांडीवर एकच मूर्ती, तीही बिनसोंडेची.
पॉलिटेक्निकची दोन भाडेकरू पोरं,
आणि कुणाचंच नसलेलं एक कुत्रं.
बोटवाला ओरडत होता, बास आता, जागा नाही,
आणि पुढच्या दाराशी परत थांबत होता.

शेजारी टीव्हीवर कुस्ती चालली होती.
एक डाव लागला, लोक ओरडले, गप्प झाले.
शेवटी म्हटलं, बाळा, मला ठाऊक नाही.

शेरोननं मान वर केली,
छतातनं थेंब पडावा तशी.
या घरात हे वाक्य
मी पहिल्यांदाच म्हटलं असणार.

डोळे मिटले. मी शब्द जुळवतोय
तोवर अनुग्रहनंच सुरुवात केली:
"प्रभू, मम्मीची नाईट लवकर संपव.
गजराकाकूंच्या शेळीला ताप आहे.
आणि दार लावायच्या आधी
एकदा बाहेर बघ."

शेरोन आमेन म्हणाली, मोठ्यानं.
मी जरा उशिरा.

झोपण्याआधी तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला,
टाचा टेकवून, दर महिन्याला राहतो तसा.
डोक्यावर पट्टी धरून मी पेन्सिलीची खूण केली.
केस मऊ होते, पट्टी हलत होती,
असलं माप कारखान्यात कुणी पास केलं नसतं.

"रेघ अजून किती लांब?"
"वीतभर."
तो थोडा वेळ गप्प राहिला. मग अंधारातनं,
"तुझी वीत, का माझी?"