कसर

बाबांची किल्ली लाकडाची.
दातेरी, ब्रशासारखी. कुलपात सरकवून
दोनदा वर उचलायची, एकदा शिवी द्यायची,
मग दार उघडतं.

आत, शेळीच्या कातड्यात गुंडाळलेला,
बुया वुल्द अम्मारचा तर्कग्रंथ.
एकशे बारा पानं, सुटी. शिवण कधी घातलीच नाही.
शाई कोळशाची, बाभळीच्या डिंकात घोटलेली.
ओली ओळ सुकावी म्हणून त्याने वाळू भुरभुरली होती;
सहाशे वर्षांनी ती माझ्या मांडीवर सांडते.

सत्तेचाळिसावं पान, चौथी ओळ:
'जो जो तांडा निघतो, तो तो'
इथपर्यंत स्वच्छ.
मग मसुरीएवढं भोक.
मग 'परततो'.

अरबीत नकार क्रियापदाच्या आधी येतो.
म्हणजे भोकात 'न' होता,
किंवा काहीच नव्हतं,
बुयाने तिथे नुसता श्वास घेतला होता.

शब्द कसरीने खाल्ला.
राहिलेली कसर पंडितांनी भरून काढली.
बुयाचा जावई म्हणाला, 'न' होताच,
मी त्यांच्या तोंडून ऐकलाय.
शिंगेतीचे लोक म्हणाले,
तर्कात जावयाची साक्ष कधीपासून चालायला लागली?
दोन्हीकडे शिष्य, दोन्हीकडे भाष्यं,
भाष्यांवर टीका, टीकांच्या समासात
मुंग्यांसारख्या तिरक्या टिपा.
सोयरीक बंद. वलाताच्या एका विहिरीवर दोन दोर.

शंभरेक वर्षं अशी गेल्यावर
अब्दावा नावाच्या माणसाने,
मिठाच्या लाद्या वाहणाऱ्या, एका डोळ्याने अधू,
चार पानं लिहिली. फक्त चार.
भोक हाही शब्द धरा, म्हणाला.
जे वाक्य खरं म्हणवत नाही, खोटंही म्हणवत नाही,
त्याला उंबऱ्याबाहेर उभं करू नका.
आत घ्या, आणि त्याच्या मागून
कोण कोण येतं ते मोजा.

त्या चार पानांवर पुढे
तिंबक्तूत, फेझमध्ये पोरं घडली.
लाकडी पाटीवर लिहायचं, पाठ करायचं, धुवायचं,
पुन्हा लिहायचं.
'कदाचित'चे नियम असतात, हे त्यांना
दाढी फुटायच्या आत कळलं.

आमचं घर जावयाकडचं.
बाबा सत्तर वर्षं 'न'च्या बाजूने भांडले,
दोनदा तर चपला घालायचं विसरून.
सालेक, माझा भाऊ, मासेमारीच्या होडीतून
स्पेनकडे निघाला, त्याला आता आठ वर्षं झाली.
तेव्हापासून कुणी सत्तेचाळिसावं पान काढलं
की बाबांना बाहेर काहीतरी काम आठवतं.

या हिवाळ्यात नुआकशोतहून तेस्लम आली,
जांभळा दिवा घेऊन.
समोरच्या पानावर शाईचा ठसा उतरतो, म्हणाली,
नकार असेल तर आज दिसेलच.
बाबा अंगणात जाऊन उंटाचा दोर
सोडायला लागले. उंट नव्हता.
मी पान उलटलं.

त्याच जागी भोक.
कसर सरळ पलीकडे गेली होती,
नऊ पानं, मान न वळवता.

तेस्लम हसली, मग हसायची थांबली.
बाबा आत आले. काही विचारलं नाही.
तिसरा पेला ओतला, हात उंच नेऊन,
फेस येईपर्यंत, आणि आला तरी.

आई तर्क शिकली नाही.
रात्री भात टाकताना मूठभर जास्त टाकते,
सकाळी तो शेळीला घालते.
अब्दावाची चार पानं कपाटात वरच्या फळीवर आहेत;
तिचा हात तिथे पोचत नाही.

आज मी ते पान दुरुस्त केलं.
पातळ कागद, गव्हाची खळ, उंटाच्या केसांचा कुंचला.
कडा ढासळत होत्या, तेवढ्या धरल्या.
मधे काही लावलं नाही.