तासिका: प्रकाश आणि ध्वनी

जिल्ह्याहून गुंडाळी आली, चकचकीत पोस्टर.
आठ वर्तुळं, आठ हसरी माणसं:
'प्रकाश व ध्वनी क्षेत्रातील करिअरच्या संधी.'
सोबत पत्र. तासिका घ्यावी, फोटो काढावा,
फोटोत पोस्टर दिसावं.

सातवीचा वर्ग, पत्र्याखाली बत्तीस लेकरं.
'ध्वनी अभियंता,' मी वाचलं.
मागून ओमकेश: म्हणजे डीजेवाला का, सर?
वर्ग हसला. मीही हसलो,
दुसरं उत्तर माझ्याकडंही नव्हतं.

फोटो निघाला. पोस्टर भिंतीला राहिलं,
आम्ही बाहेर पडलो.

निलंगा रोडला खलीलभाईचं वेल्डिंग चालू.
बघू नका म्हटलं, सगळ्यांनी बघितलं.
मग त्यानं काळी काच एकेकाच्या डोळ्यांपुढं धरली:
हिरव्या अंधारात एक बारकुला तारा
लोखंडाला लोखंड शिवत होता.
'रात्री डोळ्यांत वाळू पडल्यावाणी होतं,' तो म्हणाला,
'कच्च्या बटाट्याच्या चकत्या ठेवून झोपतो.'
हे कुठल्याच वर्तुळात नव्हतं.

लिंबराजमामांनी हलगी जाळावर धरली,
बोटानं वाजवली, नाक मुरडलं, पुन्हा धरली.
कधी कळतं, मामा?
'कातडं बोलाया लागलं की.'
वहीत काय लिहायचं म्हणून लेकरं माझ्याकडं बघायला लागली.
ताण वाढला की वारंवारता वाढते, मी सांगितलं.
मामा म्हणाले, 'असंल.'

परत येताना विहिरीवर गर्दी.
कुणाची तरी कळशी पडलेली.
धोंडाबाईनं घरातला फुटका आरसा आणला,
त्यात सूर्य धरला, खाली सोडला.
उन्हाचा रुपया कपारीवरून हलत हलत गेला,
शेवाळावर थबकला, पाण्यात शिरला,
कळशीच्या काठावर जाऊन बसला.
मावशे, ह्याचे पैसे घेतीस का? ओमकेशनं विचारलं.
'उन्हाचे कसले रं पैसे?'

वर्गात आलो तर घंटेला दहा मिनिटं.
काही विचारायचंय का, म्हटलं, सवयीनं.
गंगासागर बिराजदार उभी राहिली.
वर्षभरात ही पोर आपणहून
पहिल्यांदा उभी राहिली असावी.

'सर, मारुतीच्या पारामागं पेटी पुरून गेले,
कुलूपवाली. जमिनीतला आवाज मोजायची.
ती वाचणाऱ्याला पगार असतो का?'

कुणी हसलं नाही.
पोळ्यापासून रात्री-अपरात्री खालून आवाज येतोय,
मांडणीतली भांडी किणकिणतात,
निम्मं गाव अंगणात बाजा टाकून झोपतं,
आणि सकाळी त्यावर कुणी बोलत नाही.

तिनं गणिताची वही पुढं केली, मागून उघडून.
तारीख. वेळ. आणि पुढं शिसपेन्सिलीनं:
खडीचा ट्रक रिकामा केल्यागत.
लांबून दार आपटल्यागत.
आबा खोकल्यागत, पण आबा झोपलेले होते.
अशी अकरा पानं.
कुणी सांगितलं लिहायला?
'कुणी नाही. झोप येत नव्हती.'

त्र्याण्णवला मी तिच्याएवढाच होतो.
तो आवाज अजून कानात आहे,
पण कुठल्या बाजूनं आला, किती वेळ होता,
आधीच्या महिन्यात असं काही झालं होतं का,
कुणी विचारलं तर
मला फक्त पळाल्याचं आठवतं.

असतो पगार, मी म्हटलं.
किती ते माहीत नव्हतं.
काय शिकावं लागतं, हेही नीट माहीत नव्हतं,
फळ्यावर 'भूकंपशास्त्र' लिहिलं,
'भू'चा उकार दोनदा पुसला.
तिनं शब्द उतरवून घेतला, त्या अकरा पानांच्या खाली.

त्याच रात्री पुन्हा झालं.
बाजेवर उठून बसलो, मोबाईल बघितला.
आयुष्यात पहिल्यांदा घाबरण्याआधी वेळ बघितली:
दोन वाजून दहा.

सकाळी प्रार्थनेच्या रांगेत तिला हळूच सांगितलं.
तिनं वही काढली, बोट फिरवलं, मान हलवली.
'बारा, सर. रेडिओवर लावलेलंय माझं घड्याळ.
तुमचं बघा एकदा.'