बारा संत्री

स्वयंपाकघरात वही उघडून बसलीये मारित,
माझी मुलगी, दलदलींची अभ्यासक,
ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारची नवरी.
पहिल्या पानावर तिनं नकाशा काढलाय:
मधोमध आमचं सारेमा बेट
आणि बेटाभोवती पेन्सिलीचं वर्तुळ.
म्हणते, आई, पंगतीत येईल ते सगळं
या रेघेच्या आतलं.

बरं, म्हटलं.
बटाटे आमचेच. मासे एंडेलच्या धुरीघरातले,
आल्डरच्या लाकडावर सावकाश तांबूस झालेले.
रायचा काळा पाव मी भाजीन,
सासूच्या काठवटीत अजून जिवंत आहे तिचं आंबवण.
काकड्या, शेपू, काळ्या करंटची पानं.
बिअर ज्युनिपरच्या फांद्यांतून गाळलेली,
आणि एप्रिलमध्ये बर्चच्या खोडांना बाटल्या बांधून
थेंब थेंब जमवलेला रस, तळघरात आहेच.
मेंढ्या दोन.
दोनच? तारमो म्हणेल, लग्न आहे की उपास?

ती माणशी ग्रॅम मांडते, चौसष्ट माणसांचे.
मी जन्मभर मुठीनं मोजलं.
ताटात काही उरता कामा नये, ती म्हणते.
ताटात काहीच उरलं नाही, तर
पाहुणा पोटभर जेवला हे कळणार कसं,
मी म्हणते.

कॉफीसाठी तिनं वर्तुळाला एक फट ठेवलीये.
कॉफीवाचून एंडेल नाचायला उठत नाही,
हे विज्ञानालाही मान्य.

आणि संत्री? मी विचारलं.
तिनं बोट ठेवलं वर्तुळाबाहेर, कागदाच्याही बाहेर,
मेणकापडावरच्या फुलात.

शहाऐंशी साली माझं लग्न झालं
तेव्हा किनाऱ्याला काटेरी तार होती.
सैनिक रोज संध्याकाळी वाळूवर दाताळं फिरवत,
रात्री कुणाचं पाऊल उमटलं तर दिसावं म्हणून.
मुख्य भूमीवरच्या मावशीला
माझ्या लग्नाला यायला परवाना लागला.
दारूवर सरकारची वक्रदृष्टी,
म्हणून वोडका चहाच्या किटलीतून वाढली, कपबशीत,
आणि ग्रामसभेच्या अध्यक्षांनी
चहाची तारीफ करत चौथा कप मागितला.
जेवणात काय होतं?
बटाटे, धुरावरचे मासे, काळा पाव,
काकड्या, शेपू.
सगळं रेघेच्या आतलं.
फक्त पेन्सिल आमच्या हातात नव्हती.

आणि बारा संत्री.
लेनिनग्राडच्या बंदरात हेल्डुरचा वशिला होता,
त्यानं वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून आणली,
बसमध्ये मांडीवर धरून, झोपलेल्या बाळासारखी.
सत्तर पाहुण्यांत बारा.
मावशीनं फोडी केल्या, मुलांना आधी,
मग म्हाताऱ्यांना.
तुला किती मिळाल्या? मारितनं विचारलं.
एक.
नवरीला एक फोड, आणि साली.
त्या साली तू शाळेत जाईपर्यंत
चादरींच्या कपाटात होत्या.
वास गेला होता, तरी मी टाकल्या नाहीत.

ती पेन्सिल दातांत धरून बसली.
मग पानाच्या कोपऱ्यात लिहिलं: संत्रं, १,
पुढे प्रश्नचिन्ह.
खोड ते, मी म्हणाले.
तिनं खोडलं नाही.
मीही पुन्हा म्हणाले नाही.

मग आम्ही डब्यांकडे वळलो.
उरलेलं घरी न्यायला पाहुण्यांनी
झाकणाचा डबा स्वतःच आणायचा,
हे पत्रिकेत कसं लिहावं
म्हणजे चिक्कूपणा वाटणार नाही,
यावर आमचं जे जुंपलं
ते अकरा वाजून गेले तरी मिटेना.
दिवा लावायची आठवणच झाली नाही.
जून महिना, बाहेर अजून
अक्षर दिसेल एवढा उजेड होता.