ताणलेली तार

नेव्ह टकवेलच्या पाठीचा तुकडा
मंगळवारी टूवूम्बाच्या प्रयोगशाळेत आला,
मेणाच्या ठोकळ्यात, क्रमांक एकोणीस.
मी काप काढले, चार मायक्रॉनचे,
कोमट पाण्यावर सायीसारखे पसरले,
काचेवर उचलले.
नाव मग वाचलं.

आमच्या मागच्या आवाराचं कुंपण यानेच घातलं होतं,
जानेवारीत, तीन दिवस, उघड्या अंगाने.
टोपी गाडीतच विसरायचा.
तार ओढायचा, बोटाने छेडायचा,
खांबाला कान लावायचा.
"सैल तार म्हणजे गुरांना आमंत्रण."

एक काप जास्तीचा काढला. कुणी मागितला नव्हता.
लाल रंग चढवला, ध्रुवित प्रकाशात धरला.

तरुण कातडीत कोलॅजन असतं
टोपलीच्या विणीसारखं, उलटसुलट,
कुठलाच धागा कुठेही नेत नाही.
वाट चुकलेली पेशी तिथे अडते, वळते,
बसून राहते.
मग वय होतं. वीण सांधून धरणारं
एक लहानसं प्रथिन आटत जातं,
कुणाला पत्ता लागत नाही.
आणि ऊन तर साठ वर्षांचं.

नेव्हच्या काचेवर
काळ्या गाठीच्या कडेपासून
नारिंगी धागे निघालेले, सरळ, ताठ,
कुणी खांबाला पाय लावून ओढावेत तसे,
आणि त्यांना धरून, एकीमागे एक,
पेशी चाललेल्या
खालच्या शिरेकडे.
फायब्रोनेक्टिन या रंगात दिसत नाही,
पण असणारच तिथे, पायाला पकड देत.

कुंपणच शेत खातं, म्हणतात.
इथे त्याने काही खाल्लं नव्हतं.
नुसती वाट दिली होती.

डॉक्टर थुय लाम यांनी खोली मोजली:
दोन पूर्णांक तीन मिलीमीटर.
अहवालात जाडीला रकाना आहे, व्रणाला आहे,
धाग्यांच्या दिशेला नाही.
त्यांनी माझा काप पाहिला, बराच वेळ,
आणि म्हणाल्या, "ठेव जपून."

संध्याकाळी मागच्या आवारात गेले.
तार छेडली. अजून वाजते.
वरच्या तारेवरून मुंग्या चालल्या होत्या
या खांबाकडून त्या खांबाकडे.
त्याची पकड आमच्याच शेडमध्ये राहिली आहे.
तिने घट्ट कसं करायचं, ते त्याने दाखवलं होतं.
सैल कसं करतात
ते मी विचारलं नव्हतं.