ओल

चौथ्या दिवशी दोन पानं वर आली, गुबगुबीत.
एकाच्या डोक्यावर अजून टरफलाची टोपी.
तळघरात एकटाच होतो, तरी मी टाळ्या पिटल्या.
कायद्यानं एका घरात चार रोपं चालतात,
मी चारच बिया आणल्या.
एखादी जास्तीची ठेवावी, हे सुचलंच नाही.

वर मार्च. सरोवर किनाऱ्यापर्यंत कडक,
पहिलं जहाज बंदराला लागायला अजून महिना.
खाली दह्याच्या रिकाम्या डब्यांत
गांजाची चार तान्ही
आणि पासष्टीचा मी, एक निखळलेला खांदा घेऊन.
त्या खांद्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

नवव्या दिवशी एकानं मान टाकली.
मातीला टेकतो तिथंच देठ काळा, बारीक,
कुणी रात्री येऊन दोऱ्यानं आवळल्यासारखा.
मी पाणी घातलं.
दुसऱ्याची खालची पानं पिवळी पडली.
मी पाणी घातलं.
तिसऱ्याच्या पानांची टोकं पोपटाच्या चोचीसारखी खाली वळली,
म्हटलं, तहानलंय बिचारं.
पुढचं सांगायला नको.
चौथं दिव्याकडे धावत सुटलं,
सुतासारखं उंच होत गेलं आणि दुपारी आडवं झालं.
त्याला मी आइस्क्रीमच्या काडीचा टेकू दिला
आणि
हो, पाणीही.

मग चिलटं आली. मातीवर हिरवट साय धरली.
रात्री दोनला विजेरी घेऊन मी पुन्हा खाली.
जिन्यावरून हेल्मी म्हणाली,
"तीन पोरं वाढवली मी.
एकदा तरी उठला होतास असा?"
मी विजेरी विझवली.
उत्तर अंधारातही सापडलं नाही.

दुकानातल्या ब्रायनाला फोनवरचे फोटो दाखवले.
खत द्या म्हणेल, औषध देईल,
पाकीट काढूनच उभा होतो.
ती म्हणाली, "डब्यांना खाली भोकं आहेत ना?"

भोकं.

एकतीस वर्षं मी धान्याच्या कोठारात काढली.
गव्हाच्या गाड्याच्या गाड्या यायच्या,
माझं काम एकच, ओल बघायची.
यंत्र होतं, पण यंत्राआधी माझा हात.
कोपरापर्यंत गव्हात घालायचो,
साडेचौदाच्या वर गेली की तळव्याला कळायचं.
एका दाण्याला कोंब दिसला तरी
अख्खा डबा बाजूला काढायचो.
उगवणं हा आमच्याकडे गुन्हा होता.
लाखो टन बी या बोटांतून गेलं
आणि एकही रोप मी कधी पाहिलं नाही.

घरी आलो. खिळा तापवला.
डब्यांना भोकं पाडली तेव्हा
निघालेलं पाणी बशीत मावेना,
वास बंद पडलेल्या विहिरीचा.
अति तिथं माती म्हणतात,
माझ्याकडे मातीचाही चिखल झाला होता.
मान टाकलेलं उचलून टाकलं.
पिवळं दोन दिवसांनी गेलं, टेकूवालं त्याच रात्री.

उरलं पोपटाच्या चोचीचं.
त्याच्यासाठी आता मी काहीही करत नाही,
आणि हे काहीही न करणं
खांद्यापेक्षा जास्त दुखतं.
सकाळी फक्त डबा उचलतो.
जड. ठेवून देतो.
जड. ठेवून देतो.
पाचव्या दिवशी हाताला काहीतरी ओळखीचं लागलं,
कोरड्या गव्हाचं तेच हलकेपण.
अर्धी वाटी पाणी, कडेकडेनं.

काल मधोमध एक पान उघडलं,
करवतीच्या दातांचं, नखाएवढं.
टोकं अजून वाकडीच आहेत, म्हणजे बाळसं वगैरे म्हणायला जीभ धजत नाही.

आज खाली गेलो तर हेल्मी आधीच तिथं,
गाऊनवर माझा जुना कोट,
डबा दोन्ही हातांत तोलत.
"उद्या," ती म्हणाली,
आणि तो माझ्याकडे न देताच
दिव्याखाली ठेवला.